प्रवाळातील सेवेकरी मासा आणि घरातील काचपेटी

मळवलीच्या आसमंतात पाण्याला तोटा नाही. पावसाळ्यात लोहगड-विसापूरच्या कड्यांवरून धबधबे कोसळतात, भाजे लेण्यांच्या पायऱ्यांवरून पाणी वाहते आणि इंद्रायणी दुथडी भरते. पण हे सारे गोडे पाणी. समुद्र घाटाच्या पलीकडे, दृष्टीआड. असे असूनही रुग्णांच्या घरी गेल्यावर दिवाणखान्यात निळ्या दिव्याखाली उजळलेली खाऱ्या पाण्याची काचपेटी, म्हणजे आपण ज्याला सर्रास फिश टँक म्हणतो ती, अलीकडे मला अधूनमधून दिसू लागली आहे. निवृत्तीनंतर मुंबई-पुण्याहून येथे स्थायिक झालेल्या ज्येष्ठांना मुले आणि सुना ती हौसेने भेट देतात. मग प्रश्न ठरलेला असतो : “डॉक्टर, आईबाबांच्या प्रकृतीला याचा काही उपयोग होतो का हो?”

उपयोग होतो, हे पहिले उत्तर. परंतु कोणत्याही औषधाप्रमाणे याही उपायाला मात्रा आहे, पथ्य आहे आणि काही धोकेही आहेत. ते समजून घेण्यापूर्वी प्रवाळात राहणाऱ्या एका लहानशा, फारशा कुणाला माहीत नसलेल्या माशाची ओळख करून घेऊ.

एक अपरिचित सेवेकरी

आपल्या महाराष्ट्राच्या समुद्रातही प्रवाळ आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मालवणजवळच्या समुद्रात ते आहेत. तेथील सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर, भर समुद्रात, आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे ‘आंग्रिया बँक’ हे पाण्याखालचे पठार आहे. त्यावरही प्रवाळ वाढतात. लक्षद्वीप, अंदमान आणि मन्नारचे आखात येथील प्रवाळ तर प्रसिद्धच आहेत.

तांबड्या समुद्रापासून पॅसिफिकमधील बेटांपर्यंतच्या उष्ण समुद्रांत, आपल्या लक्षद्वीप-अंदमानसह, जो मासा आढळतो त्याला इंग्रजीत ‘क्लीनर रास’ म्हणतात. शास्त्रीय नाव लॅब्रॉइडिस डिमिडिएटस. आपण त्याला सफाईकर मासा म्हणू. लांबी बोटभर, फार झाली तर १४ सेंटिमीटर. अंग फिकट निळसर, आणि तोंडापासून शेपटीपर्यंत एक काळा पट्टा, जो मागे रुंद होत जातो.

याचा व्यवसाय मोठा विलक्षण आहे. प्रवाळातील एखादी ठरावीक जागा हा मासा आपली मानतो आणि तेथेच थांबतो. इतर मासे त्याच्याकडे येतात, अगदी रुग्णांनी दवाखान्यात यावे तसे. त्यांच्या अंगावर गोचिडांसारखे रक्त शोषणारे बारीक परजीवी चिकटलेले असतात. मोठा मासा स्थिर उभा राहतो, कल्ले फुलवतो, जबडा उघडतो. आणि हा बोटभर जीव निर्धास्तपणे त्या जबड्यात शिरून सफाई करून बाहेर येतो. ज्याने त्याला एका घासात गिळावे तो त्याला इजा करत नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर संशोधक ॲलेक्झांड्रा ग्रटर यांनी केलेल्या अभ्यासात असा एक मासा दिवसाला सुमारे १,२०० परजीवी खातो असे आढळले.

त्याच प्रवाळात पुढे आणखी एक प्रयोग झाला. काही ठिकाणचे सफाईकर मासे साडेआठ वर्षे सातत्याने काढून टाकण्यात आले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या ठिकाणी कायम राहणाऱ्या माशांची संख्या ३७ टक्क्यांनी आणि त्यांच्या जातींची संख्या २३ टक्क्यांनी कमी भरली. एक लहानसा सेवेकरी नाहीसा झाला आणि सारी वस्ती खालावली. ज्या घरात आजारी माणसाचे सारे काही एकच व्यक्ती पाहते, त्या घराला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

या जगात भोंदूही आहेत, हे जाता जाता सांगावेसे वाटते. ॲस्पिडोंटस टिनिएटस नावाचा दुसरा मासा रंगाने, आकाराने हुबेहूब सफाईकरासारखा दिसतो, आणि विश्वासाने जवळ येणाऱ्या माशाच्या परांचा लचका तोडून पळतो. ज्येष्ठांच्या दुखण्यांवर हमखास उताऱ्याची जाहिरात करणाऱ्यांची आठवण व्हावी, असेच हे आहे.

स्पर्शाचा गुण

सफाईकर मासा केवळ परजीवी खात नाही. आपल्या परांनी तो समोरच्या माशाच्या अंगावरून हलकेच फिरतो. या स्पर्शाचा परिणाम काय होतो, हे पोर्तुगीज संशोधक मार्टा सोआरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले. त्यांनी टाकीत सफाईकर माशाच्या प्रतिकृती ठेवल्या. काही हलणाऱ्या, काही स्थिर. हलणाऱ्या प्रतिकृतीचा स्पर्श ज्या माशांना मिळाला, त्यांच्या शरीरातील कॉर्टिसॉल या ताणसंप्रेरकाचे प्रमाण कमी आढळले. तेथे परजीवी नव्हते, सफाई नव्हती. होता तो फक्त स्पर्श.

माशांवरील प्रयोगातून माणसाविषयी थेट निष्कर्ष काढू नये. पण शुश्रूषा करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीच्या तळपायाला तेल लावणे, केस विंचरणे, हात हातात घेऊन दोन मिनिटे बसणे यांनी नाडी शांत होते आणि चिडचिड ओसरते. वार्धक्यात औषधांसाठी, इंजेक्शनसाठी, कपडे बदलण्यासाठी पुष्कळ हात लागतात. निव्वळ मायेने लागणारा हात मात्र दुर्मीळ होत जातो. त्वचा नाजूक झालेली असल्याने चोळू नये, हलकेच फिरवावा एवढे ध्यानात ठेवावे.

पाहण्याचा गुण

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मासे नुसते पाहिल्याने काय होते?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ॲरन कॅचर, एरिका फ्रीडमन आणि ॲलन बेक यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना काही वेळ माशांच्या पेटीकडे, तर काही वेळ कोऱ्या भिंतीकडे पाहत बसवले. पेटीकडे पाहताना रक्तदाब खाली आला आणि भिंतीकडे पाहताना झालेल्या घटीपेक्षा तो अधिक काळ खाली राहिला. उच्च रक्तदाब असलेल्यांमध्ये ही घट ठळक होती. इंग्लंडमध्ये प्लिमथच्या राष्ट्रीय मत्स्यालयात एका मोठ्या टाकीत टप्प्याटप्प्याने मासे सोडले जात असताना प्रेक्षकांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१५ साली आले. नुसत्या पाण्याकडे पाहूनही मन काहीसे शांत होत होते. मासे वाढले तसा हृदयाचा वेग अधिक उतरला आणि लोक अधिक वेळ थांबले.

आपल्या वाचकांना सर्वांत उपयोगी असा अभ्यास मात्र विस्मरणाच्या आजाराविषयी आहे. अल्झायमरचे रुग्ण जेवायला बसत नाहीत, बसले तर उठून जातात, आणि वजन घटत जाते. नॅन्सी एडवर्ड्स आणि ॲलन बेक यांनी शुश्रूषागृहांतील अशा ६२ रुग्णांच्या भोजनकक्षांत मत्स्यपेट्या ठेवल्या. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रुग्णांचा आहार सुमारे २१ टक्क्यांनी वाढला, पुढील आठवड्यांत ही वाढ सुमारे २७ टक्क्यांपर्यंत गेली, आणि वजनातही थोडी भर पडली. हलणारे रंग त्यांचे लक्ष धरून ठेवत, आणि रुग्ण पानावर अधिक वेळ बसत.

यावरून पेटी म्हणजे औषध असे समजू नये. रक्तदाबाची गोळी तिच्यामुळे बंद करता येत नाही. पण जेवणाच्या वेळी दूरचित्रवाणीवरील गदारोळाऐवजी समोर मासे असणे हा निश्चित चांगला पर्याय आहे.

दुर्मीळ मासा घरी का नको

वरील अभ्यासांत लाभ झाला तो माशांच्या हालचालीकडे निवांत पाहण्याचा. मासा किती महाग किंवा किती दुर्मीळ, याच्याशी त्याचा संबंध नाही. काचपेटीच्या दुकानात मात्र नेमका दुर्मिळतेचा मोह पडतो, आणि सफाईकर मासा “हा टाकीतल्या बाकीच्यांची निगा राखतो” अशा शिफारशीसह विकला जातो.

हे खरे नाही. विक्रीस येणारे हे मासे प्रामुख्याने समुद्रातूनच पकडलेले असतात. दिवसाला शेकडो परजीवींवर जगणाऱ्या या जिवाला चार-सहा माशांच्या पेटीत पोटभर अन्न मिळत नाही. तयार खाद्य अनेकदा तो स्वीकारत नाही; पोट खपाटीला जाते आणि काही आठवड्यांत तो मरतो. ज्याचे जगणेच इतरांच्या सेवेवर उभे आहे, त्याला एकट्याने काचेत ठेवणे म्हणजे उपाशी ठेवणे होय.

खाऱ्या पाण्याच्या पेटीचे इतर व्यापही मोठे आहेत. पाण्याची क्षारता रोज मोजावी लागते. तापमान २४ ते २७ अंशांच्या दरम्यान राखावे लागते. आणि मावळात जानेवारीची पहाट कशी असते, एप्रिलची दुपार कशी, हे येथील रहिवाशांना सांगण्याची गरज नाही. सर्वांत मोठा प्रश्न विजेचा. पावसाळ्यात झाड तारांवर पडले की रात्र रात्र वीज नसते. पंप थांबला की पाण्यातील प्राणवायू घटू लागतो.

माझ्या परिचयातील एका घरी हेच घडले. घरातील आजींना विस्मरणाचा आजार. मुलाने मोठी समुद्री पेटी दिली, तीत एक सफाईकरही होता. जेवायला टाळाटाळ करणाऱ्या आजी पेटीसमोर बसून चार घास जास्त घेऊ लागल्या. काकांना हायसे वाटले. सफाईकर महिन्याभरात गेला. पुढे जुलैत दोन रात्री वीज नव्हती. देखभाल करणारा माणूस पुण्याहून येई, तो त्या पावसात पोहोचू शकला नाही. तिसऱ्या सकाळी सारे मासे पाण्यावर तरंगत होते. त्यानंतर आजी दिवसातून अनेकदा विचारीत, “मासे कुठे गेले?” काका सांगत, आणि दर वेळी ती बातमी त्यांच्यासाठी नवीच असे. “माझ्या हातून जीव गेले का हो?” असे त्या रडत विचारू लागल्या. मी काकांना सुचवले, की दर वेळी मृत्यूची वार्ता देऊ नका, त्यांचा हात धरा, “तुम्हाला ते फार आवडायचे ना?” असे विचारा, आणि त्यांना बोलू द्या. काही आठवड्यांनी त्या घरात गोड्या पाण्याची लहान पेटी आली. आजींचे ताट पुन्हा तिच्यासमोर मांडले जाऊ लागले.

मग कोणते मासे ठेवावेत?

बहुतेक घरांसाठी माझी शिफारस गोड्या पाण्याच्या लहान पेटीची आहे, आणि तीत अगदी साध्या गप्पी माशांची. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य विभाग साठलेल्या पाण्यात सोडतो, तेच हे मासे. चिवट, चपळ, रंगीत; आणि पिल्ले घालणारे, त्यामुळे घरात अधूनमधून आनंदाची बातमीही असते. मात्र गप्पी मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा आहे. जास्त झाले म्हणून ते इंद्रायणीत सोडू नयेत. नदीतील मूळच्या जिवांना त्यांचा उपद्रव होतो.

पेटी घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटीत सुमारे ५५ लिटर पाणी मावते. काच आणि वाळू धरून वजन ७० किलोंच्या घरात जाते. त्यामुळे हलके टेबल किंवा जुन्या घराचा लाकडी माळा चालणार नाही. पेटी भक्कम बैठकीवर, खुर्चीत बसलेल्या व्यक्तीच्या डोळ्यांच्या पातळीवर ठेवावी. जाण्यायेण्याच्या वाटेवर ठेवू नये.

पाणी भरल्याबरोबर मासे सोडू नयेत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. त्याचे तुलनेने निरुपद्रवी पदार्थांत रूपांतर करणारे जिवाणू पेटीत स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत एक-दोनच मासे असावेत. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना घातक असते; त्यासाठीचे औषध दुकानात मिळते. पाणी बादलीत साठवून ठेवल्यास ती झाकावी, अन्यथा डेंग्यूच्या डासांना आयतेच घर मिळेल.

विजेची वायर पेटीकडे जाण्यापूर्वी खाली झोळ घेईल अशी सोडावी, म्हणजे ओघळणारे पाणी प्लगपर्यंत पोहोचत नाही. वीजगळती होताच प्रवाह तोडणारा ब्रेकर घरात असावा. पाण्यात हात घालण्यापूर्वी हीटर व पंप बंद करावेत.

पाणी बदलण्याचे काम ज्येष्ठांनी करू नये. भरलेली बादली, ओली फरशी आणि स्टुलावर चढलेले आजोबा यांतून खुब्याचे हाड मोडण्याचाच योग येतो. ते काम घरातील तरुणाने करावे. आजी-आजोबांकडे मात्र खाद्य घालण्याचे काम अवश्य द्यावे. रोज ठरलेल्या वेळी कुणीतरी आपली वाट पाहत आहे, ही जाणीव वार्धक्यात लहान नसते. विसरभोळेपणामुळे पुन्हा पुन्हा खाद्य घातले जाते आणि पाणी बिघडते. त्यावर सोपा उपाय आहे. औषधांची सात खणांची डबी मिळते, तशी दुसरी डबी घेऊन त्यात माशांचे रोजचे चिमूटभर खाद्य भरून ठेवावे. तिचा रंग औषधांच्या डबीहून वेगळा असावा. खण रिकामा म्हणजे आजचे जेवण झाले.

त्वचा आणि जखमा : विशेष काळजी

मत्स्यपेटीच्या पाण्यात, गोड्या असो वा खाऱ्या, क्षयरोगाच्या जंतूचा भाऊबंद असलेला मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जंतू असू शकतो. हातावरील जखमेतून तो त्वचेत शिरतो. साधारण दोन ते चार आठवड्यांनी, क्वचित त्याहूनही उशिरा, बोटावर किंवा मनगटावर न दुखणारी वा कमी दुखणारी गाठ येते. ती फुटते, हातावर वर वर आणखी गाठी उठतात. साध्या प्रतिजैविकांनी ती बरी होत नाही, आणि योग्य उपचारही काही महिने घ्यावे लागतात. हा आजार एकाकडून दुसऱ्याला होत नाही. परंतु मधुमेही, स्टिरॉइड घेणारे किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांनी पेटीत हात घालूच नये. इतरांनी कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे वापरावेत, नळी तोंडाने ओढून पाणी काढू नये, पेटीतील वस्तू स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नयेत. आणि हातावर अशी गाठ आल्यास घरात मासे आहेत, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. निदानाची अर्धी वाट त्या एका वाक्याने सरते.

समुद्री पेटी आधीच घरात असेल, तर आणखी दोन धोके जाणून घ्यावेत. लायनफिश हा देखणा मासा काट्यांतून विष टोचतो. असह्य वेदना होतात. डंख झालेला भाग सोसेल इतक्या गरम, सुमारे ४५ अंशांच्या, पाण्यात अर्धा ते दीड तास ठेवल्याने आराम पडतो. मात्र मधुमेहाने हातापायांची संवेदना गेलेली असल्यास त्या हाताला चटका समजत नाही, म्हणून पाण्याचा अंदाज दुसऱ्या व्यक्तीने घ्यावा आणि लगेच दवाखाना गाठावा. दुसरे म्हणजे पेटीतील खडक स्वच्छ करण्यासाठी कधीही उकळू नयेत. त्यांवरील झोअँथिड या प्रवाळासारख्या काही जिवांत तीव्र विष असते. ते वाफेतून श्वासात गेल्यास सारे घर आजारी पडू शकते.

कायद्याचीही जाणीव असावी. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये २००१ पासून संरक्षण आहे. ते घरात आणू नयेत. समुद्री मासाच हवा असेल, तर टाकीत प्रजनन केलेला विदूषक मासा, म्हणजे क्लाऊनफिश, घ्यावा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या प्रजननाचे तंत्र आपल्याकडे विकसित केले आहे.

पेटीशिवायही

ज्यांना पेटी झेपणार नाही, त्यांनी मन खट्टू करून घेऊ नये. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय आपल्यापैकी अनेकांनी मुलांचे बोट धरून पाहिले असेल. ती छायाचित्रे काढून आईवडिलांशी गप्पा माराव्यात. आपली इंद्रायणी मळवलीकडून पुढे देहूला जाते. तेथील डोहातील मासे मारायचे नाहीत, हा संकेत पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. घाटावर सावलीत खुर्ची टाकून, कुणाचा तरी हात धरून, पाण्याकडे पाहत घालवलेला अर्धा तासही गुणकारी असतो.

आणि पेटी आणायचीच असेल, तर खरेदीपूर्वी घरातील सर्वांनी बसून ठरवावे : मुलगा परत गेल्यावर आणि वीज गेल्यावर हिची निगा कोण राखणार? त्या व्यक्तीचे नाव निघाले, तिला ते काम झेपणारे असले आणि तिच्या मदतीला दुसरे कुणी असले, तरच पेटी आणावी. आजारी माणसाची सेवा करणाऱ्याच्या अंगावर आणखी एक ओझे टाकून आणलेला आनंद फार दिवस टिकत नाही.